बॅटरीला लावलेलं कुंकू

आमच्या कॉलनीत तज्ज्ञ व्हायला ज्ञान लागत नाही, पेन्शन लागते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस इथे शेअर बाजारावर बोलतो, शाळेतून निवृत्त झालेला सीमाप्रश्नावर बोलतो. मी नाशिक रोडच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं विद्युत देखभालीत काढली, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बोलायचा हक्क मला मिळाला होता. कुणी विचारलं नाही तरी मी तो बजावायचो. फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवावा, गीझरची वायर किती जाड असावी, घंटीचं बटण कुठे असावं. लोक "काका म्हणतात म्हणजे बरोबर" म्हणायचे आणि मी हात मागे बांधून पुढच्या बंगल्याकडे जायचो. आता आठवलं की त्या हात मागे बांधलेल्या म्हाताऱ्याला मागून एक धक्का द्यावासा वाटतो.

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची वस्ती. बंगले लहान, पाट्या मोठ्या. काही वर्षांपूर्वी इथे सौर ऊर्जेची साथ आली. एकाने गच्चीवर पॅनेल बसवले म्हणून दुसऱ्याने बसवले, आणि दुसऱ्याने बसवले म्हणून तिसऱ्याने त्याच्यापेक्षा दोन जास्त. पर्यावरणाचं नाव सगळे घेत होते, पण डोळा शेजारच्या गच्चीवर होता. एका बाईंनी पॅनेलच्या काचेवर कुरडया वाळत घातल्या, काच तापते म्हणून लवकर वाळतात. मग वीज कमी तयार होते म्हणून कंपनीशी भांडल्या. एक गृहस्थ भर दुपारी बोअरचं गार पाणी तापलेल्या पॅनेलवर मारायचे आणि वर क्षारांचे पांढरे डाग पडले की पाहुण्यांना ते सूर्याचे डाग म्हणून दाखवायचे. मी या सगळ्यांना हसायचो. आपण त्याच रांगेत उभे आहोत हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे सौर यंत्रणा आली ती बायकोमुळे. तिला दम्याचा त्रास. दिवसातून दोनदा वाफेच्या मशीनचा मास्क लावून बसावं लागतं, आणि आमच्याकडे वीज जाते ती नेमकी तेव्हा. म्हणून पॅनेल, इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी असं सगळं घेतलं. जिन्याखालच्या कोनाड्यात बसवलं. बसवायला आली ती एक बाई.

हे मला पहिल्यापासून खुपलं. पस्तिशीची असेल. मूळची पेठकडच्या एका आदिवासी पाड्यावरची. वडील हंगामात द्राक्षबागांत मजुरीला यायचे आणि एका वर्षी इथेच राहिले. तिने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता, वर्गात एकटी मुलगी. आमच्या भागासाठी कंपनीची अधिकृत तंत्रज्ञ तीच होती. गळ्यात तसं ओळखपत्र होतं. स्कूटरवर पायांच्या मध्ये हत्यारांची पिशवी ठेवून यायची. मी तिला पहिल्या मिनिटापासून 'तू' म्हटलं. कंपनीचा विक्रीवाला तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता, त्याला मी 'साहेब' म्हणत होतो. हेही इथे लिहून ठेवतो.

ती कोनाड्यात गुडघे टेकून बसली होती. मागे न बघता म्हणाली, "काका, जरा टॉर्च धरता का? या खाचेवर."

"मी आयुष्यभर दुसऱ्यांना टॉर्च धरायला लावली आहे," मी म्हणालो.

"मग कुठं धरायची ते तुम्हाला माहीतच असेल."

स्वयंपाकघरातून बायको हसली. मी टॉर्च धरली, पण ते हसणं मी जपून ठेवलं. पुढे जे केलं त्यात त्या हसण्याचा वाटा मोठा आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा अभिमान किती पातळ असतो ते असं कळतं.

निघताना तिने सूचना दिल्या. "पुसायची तर कोरड्या फडक्यानं. ओलं काही नको. ही तुमची ॲसिडची बॅटरी नाही, हिच्यात पाणी घालायचं नसतं."

"मला शिकवतेस?"

"सगळ्यांनाच सांगते काका. मागच्या गल्लीतले एक आजोबा डिस्टिल्ड वॉटर घेऊन झाकण शोधत बसले होते. सापडेना तेव्हा मला फोन केला, की झाकण द्यायला विसरलीस."

"ते बँकेतले," मी म्हणालो.

"हो का? मला वाटलं इलेक्ट्रिकलमधले असतील."

बायको पुन्हा हसली.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. आमच्या विभागात मोठी विद्युत पॅनेल होती, कपाटांसारखी, जाड पत्र्याच्या दारांची. सकाळी मुख्य स्विच बंद करायचे, दारं घट्ट लावायची, मग दारांवर ओल्या कुंकवाची बोटं उठवायची, झेंडूच्या माळा चढवायच्या, विड्याच्या पानाने पाणी शिंपडायचं आणि समोर नारळ फोडायचा. छत्तीस वर्षांत एकदाही काही बिघडलं नाही. ते आमच्या भक्तीमुळे, असं मी समजत होतो. ते त्या जाड दारांमुळे होतं, हे समजायला मला पंच्याहत्तरी ओलांडावी लागली.

बॅटरी आल्यावरची पहिली खंडेनवमी आली. मी धोतर नेसलो. ताट तयार केलं. बायको म्हणाली, "अहो, ती ओलं नको म्हणाली होती ना?"

"तिला पूजेतलं काय कळतं?"

"पूजेतलं नाही हो, बॅटरीतलं."

"तू हळदी-कुंकवाचं ताट धर आणि गप्प बस."

आमच्या बॅटरीला दार नव्हतं. तिच्या समोरच्या बाजूलाच टेलिफोनच्या सॉकेटसारखी बोटभर रुंदीची एक खाच होती आणि तिच्यातून एक पातळ वायर वरच्या इन्व्हर्टरकडे गेली होती. वीज जाते ती जाड वायरींतून. या पातळ वायरीतून नुसतं बोलणं जातं. बॅटरी इन्व्हर्टरला सांगते की माझ्यात इतकी वीज आहे, आता भर, आता थांब. हे बोलणं बंद पडलं की इन्व्हर्टर बॅटरीला हात लावत नाही, मग ती काठोकाठ भरलेली असली तरी. हे सगळं त्या बाईने मला बसवतानाच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. जिच्यातून घराची वीज जात नाही ती वायर मला वायर वाटतच नव्हती.

मी कुंकू पाण्यात चांगलं पातळ कालवलं. अनामिकेने पाच बोटं ओढली. एक बरोबर त्या खाचेच्या वर होतं आणि ते ओघळलं. मग पाणी शिंपडलं. मग जमिनीवर नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला आणि पाण्याची चिळकांडी समोर उडाली. मी ते शुभ मानलं. झेंडूची माळ घातली, फोटो काढला, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'यंत्र हेही दैवत.' सत्तावीस जणांनी हात जोडले.

दिवाळीच्या पाडव्याला जावई जेवायला होता, त्याचे आई-वडीलही होते. श्रीखंड वाढून झालं आणि मी त्यांना लिथियमचं महत्त्व समजावून सांगत होतो. वीज गेली. मी बोट वर केलं आणि म्हणालो, "आता बघा."

पंखा थांबला. दिवे लागले नाहीत. मागच्या बंगल्यातला जुना, दहा वर्षांचा ॲसिड बॅटरीचा इन्व्हर्टर घुं घुं करत सुरू झालेला आमच्या पंगतीला स्पष्ट ऐकू आला.

"बघतोय बाबा," जावई म्हणाला.

इन्व्हर्टरच्या पडद्यावर खूण होती की बॅटरीशी संपर्क नाही. शहाण्या माणसाने त्या बाईला फोन केला असता. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. कुठल्या तरी राज्यातला एक माणूस ओरडून सांगत होता की सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा प्रकार लिथियमऐवजी साधी ॲसिड बॅटरी असा निवडा, मग इन्व्हर्टर तिच्या बोलण्याची वाटच बघत नाही. मी तसं केलं. दिवे लागले. ग्रुपवर लिहिलं, 'किरकोळ दोष होता. स्वतः दूर केला.' पुन्हा हात जोडले गेले, यावेळी टाळ्याही होत्या.

ॲसिडच्या बॅटरीला जास्त दाबाने चार्ज करतात. लिथियमला ते चालत नाही. तिच्या पोटात स्वतःची राखण करणारं सर्किट असतं, ते दोन दिवस सहन करत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याने सगळं बंद केलं. पेटी ठार. नेमकी तेव्हाच दुपारी वीज गेली. बायको मास्क लावून बसली होती. मशीन थांबलं तसा तिने मास्क काढला आणि माझ्याकडे बघितलं. मशीन पदराखाली घेऊन, भिंतीला हात लावत लावत ती मागच्या बंगल्यात गेली. त्या जुन्या घुं घुं करणाऱ्या इन्व्हर्टरवर तिने वाफ घेतली.

मग मी त्या बाईला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

"काका, सेटिंग कुणी बदललं?"

"आपोआप बदललं असेल."

"आपोआप?"

"सॉफ्टवेअरचं काही सांगता येतं का?"

तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग सेटिंग परत लिथियमवर आणलं, पेटी जागी केली, पण संपर्क काही होईना. पातळ वायर काढली, टॉर्च दातांत धरली आणि त्या खाचेत बराच वेळ बघत राहिली. या वेळी तिने मला टॉर्च धरायला सांगितलं नाही. पेटीवर झेंडूची वाळलेली माळ अजून लटकत होती.

"काका, इथं पाणी लागलं होतं का?"

"माझ्या घरात? विजेच्या यंत्राला पाणी? छत्तीस वर्षं मी..."

"नाही, विचारलं फक्त."

तिने आतला फोटो काढला. मग मोबाइलवर कंपनीला अहवाल लिहिला आणि मला वाचूनही दाखवला: संपर्काचं सॉकेट निकामी, बॅटरी वॉरंटीत बदलून द्यावी. "नवी यायला आठ-दहा दिवस लागतील," म्हणाली. तासाभराने परत आली ती स्कूटरवर पुढे एक छोटा जुना इन्व्हर्टर ठेवून. तिच्या स्वतःच्या घरचा. बायकोच्या खोलीत लावून दिला. "काकू, यावर फक्त वाफेचं मशीन. मिक्सर लावू नका, बिचारा मरेल." बायकोने तिला दिवाळीचा फराळ बांधून दिला.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं.

जावयासमोर झालेली शोभा, बायकोचं मागच्या बंगल्यात जाणं, तिचं ते दोन वेळचं हसणं, हे सगळं माझ्या पोटात होतं आणि बाहेर काढायला मला माणूस हवा होता. मी लिहिलं की बसवतानाच वायर चुकीची जोडली होती, सेटिंग चुकीचं ठेवलं होतं, माझ्यासारख्या जाणकाराच्या लक्षात आलं म्हणून अनर्थ टळला. कॉलनीतल्या सर्वांनी सावध राहावं. एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता खोटारडा ठरलो असतो. मी पुढे लिहिलं, 'पेठ-सुरगाण्याकडून आलेल्यांच्या हाती अशी नाजूक यंत्रं देताना कंपनीने विचार करावा.' तोच मजकूर कंपनीला पत्रातही पाठवला. हे वाक्य माझं आहे, मी शुद्धीत असताना लिहिलं आहे, आणि लिहिल्यावर शुद्धलेखन तपासलं होतं.

तोपर्यंत मला कारण माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला आणखी एक दिवस होती. दुसऱ्या दिवशी मी वाचायचं भिंग आणि टॉर्च घेऊन कोनाड्यात बसलो. खाचेत तांबड्या चिखलाचा वाळलेला थर होता आणि त्याखाली पितळेच्या बारीक काड्यांवर हिरवट गंज चढला होता. कुंकू. माझ्या अनामिकेने ओढलेलं. मी तिथे जमिनीवर बसून राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "गुडघा धरला."

मग कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेतल्या आणि ती खाच स्वच्छ पुसली. पेटीवरची बोटंही पुसली. माळ कचऱ्यात टाकली.

दोन दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. तो मला सर म्हणाला, मी त्याला साहेब म्हणालो. अत्यंत सभ्य बोलणं झालं. त्याने विचारलं, "सर, बॅटरीला कधी पाणी वगैरे लागलं होतं का? आमच्या तंत्रज्ञ तसं म्हणतायत आता."

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"थँक यू सर."

त्या बाईची मान्यता काढून घेतली गेली. नवी बॅटरी आली, ती वेगळ्याच माणसाने बसवली. त्याला पाच मिनिटांत सात फोन आले आणि त्याने टॉर्च काढलीच नाही. कॉलनीतल्या ज्या घरांत ती देखभालीला जायची त्यांनी तिला बोलावणं बंद केलं. काका म्हणतात म्हणजे बरोबर. तिचा छोटा इन्व्हर्टर घ्यायला ती आली तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसलो.

दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत बायकोने मला एकदाही सरळ विचारलं नाही. खंडेनवमीला ती शिवणयंत्राची पूजा करायची, आणि ताट हातात धरून कोनाड्यासमोर थांबायची. "तुमच्या पेटीला नको ना काही?" एवढंच म्हणायची. मी वर्तमानपत्र वर धरायचो.

मग आमचा मिक्सर बिघडला. बायको तो पेठ रोडच्या बाजूला दुरुस्तीला घेऊन गेली, कुणी तरी तिथलं दुकान सांगितलं म्हणून. परत आली, मिक्सर ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तीच आहे. मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करते आता. तुमची चौकशी केली तिनं."

"काय म्हणाली?"

"काकांची बॅटरी बरी चालतीय ना, म्हणाली." मग पदराने हात पुसत बायको म्हणाली, "मी हो म्हटलं. मला लाज वाटली. तुम्हाला कधी वाटणार आहे?"

मी गेलो. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या बाजूला पत्र्याची शेड. मिक्सरची भांडी, पंख्यांची पाती, एका खुर्चीवर इस्त्र्यांचा ढीग. ती एका मोटरची गुंडाळी सोडवत होती. कुठली यंत्रं तिच्या हातात असायला हवी होती आणि काय हातात होतं, ते मी बघितलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, नारळ, सेटिंग, भिंग, कापसाच्या काड्या, फोन. मला वाटलं होतं ती चकित होईल. इतकी वर्षं खोटं बोलूनही माणसाला आपली कबुली मोठी बातमी वाटते.

"माहितीये," ती म्हणाली. तिने मोबाइल उघडून फोटो दाखवला. खाचेतलं तांबडं स्वच्छ दिसत होतं.

"मग तेव्हाच का नाही लिहिलंस? लिहिलं का नाही तुम्ही?"

"तूच म्हणा. मला 'तुम्ही' म्हणालात की भीती वाटते, आता कुठं काय लिहिताय." ती पुन्हा गुंडाळी सोडवू लागली. "पाणी लागलं असं लिहिलं तर वॉरंटी जाते काका. नवी बॅटरी मिळाली नसती. काकूंचं मशीन होतं त्याच्यावर. म्हणून नुसतं सॉकेट निकामी लिहिलं."

"आणि नंतर? कंपनीने विचारलं तेव्हा?"

"तेव्हा दाखवला ना फोटो. तर साहेब म्हणाले, पाणी दिसत होतं तर अहवालात का नाही घातलं? म्हणजे एक तर तू तेव्हा खोटं लिहिलंस नाहीतर आता बोलतेस. आणि कस्टमर तर नाही म्हणतोय." तिने तार तोडली. "माझ्याकडे फोटो एक, तुमच्याकडे वर्षं छत्तीस."

आमच्यासाठी तिने एक ओळ गाळली होती आणि त्या गाळलेल्या ओळीवर मी तिला बुडवलं होतं. हे मला त्या शेडमध्ये, इस्त्र्यांच्या ढिगाशेजारी कळलं. मी विचारलं, "आता मी काय करू?"

"माझ्या पाया पडू नका, एवढं करा. गिऱ्हाईक बघतंय." खरंच दारात एक माणूस कुकर घेऊन उभा होता. मग ती म्हणाली, "जिथं लिहिलं होतं तिथं लिहा. मला तुमच्या कॉलनीतली कामं परत पाहिजेत. मला मिक्सर नाही करायचे."

मी घरी आलो आणि ग्रुपवर सगळं लिहिलं. एकही गोष्ट गाळली नाही, पेठ-सुरगाण्याचं वाक्यही पुन्हा जसंच्या तसं टाकलं आणि ते माझ्या नीचपणातून आलं होतं असं लिहिलं. तिचा नंबर दिला. पाठवलं आणि मोबाइल हातात धरून बसलो.

पहिलं उत्तर आलं, 'काका, किती मोठं मन!' मग हात जोडलेले. मग 'या वयात एवढा प्रामाणिकपणा, सलाम.' मग फुलांचा गुच्छ. बँकेतल्या गृहस्थांनी लिहिलं की चुका कबूल करायला सिंहाचं काळीज लागतं. एकाने माझा सत्कार करावा असं सुचवलं. तिच्याबद्दल एका माणसाने एक शब्द लिहिला नाही. चाळीसेक निरोपांनंतर कुणी तरी विचारलं, आज घंटागाडी आली का, आणि सगळे तिकडे गेले. मी ज्या माणसांत मान मिळवायला एवढं पाप केलं ती माणसं ही. पापानेही त्यांनी मला मोठं केलं होतं आणि कबुलीनेही. त्यांना वाचायचं नसतं, हात जोडायचे असतात.

कंपनीलाही पत्र पाठवलं. उत्तर आलं की आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तारे आले. नुसतं पत्र पाठवून हे सुटणार नाही म्हणून कंपनीच्या इथल्या कचेरीत तीनदा जाऊन बसलो. तिसऱ्या खेपेला एका मुलीने माझं निवेदन घेतलं आणि त्यावर शिक्का मारला. तिची मान्यता अजून परत आलेली नाही. मी जाणं सोडलेलं नाही.

कॉलनीत मात्र मी दारोदार फिरलो. कागदाच्या पट्ट्यांवर तिचा नंबर लिहून घेतला होता. पॅनेल असलेलं प्रत्येक घर. घंटी वाजवायची, दार उघडलं की सांगायचं.

"या ना काका, बसा. चहा?"

"नको. हा नंबर ठेवा. सौरच्या कामाला त्या बाईंना बोलवा."

"पण काका, त्यांनीच तुमची बॅटरी बिघडवली होती ना?"

"नाही. बॅटरी मी बिघडवली. ग्रुपवर लिहिलं होतं."

"हो हो, वाचलं ना, फार छान लिहिलं होतंत."

तिसऱ्या-चौथ्या घरानंतर मला कळलं की हे वाक्य सवयीचं होत नाही. 'बॅटरी मी बिघडवली.' प्रत्येक दारात ते नव्याने म्हणावं लागतं. कुणी हसून उडवायचे, कुणी खांद्यावर हात ठेवायचे, कुरडयावाल्या बाईंनी तर मला कुरडया बांधून दिल्या. एकाही माणसाने मला 'अहो, किती वाईट वागलात' म्हटलं नाही. घरी बायकोने मात्र रोज विचारलं, "आज किती दारं झाली?" आणि मी सांगितल्यावर चष्मा वर करून म्हणायची, "उरलीत अजून."

सगळी दारं झाल्यावर आठवडाभराने मागच्या बंगल्यासमोर तिची स्कूटर दिसली. त्यांनी आता त्या जुन्या इन्व्हर्टरच्या जागी लिथियमची यंत्रणा घेतली होती आणि नव्या इन्व्हर्टरचा आतला पंखा आवाज करत होता. मी फाटकाशी उभा होतो. आत जायचा माझा विचार नव्हता. पण मालकांनी मला पाहिलं आणि तिच्या देखत मोठ्याने हाक मारली, "काका, बरं झालं आलात! या, जरा नजर ठेवा. तुम्ही उभे असलात की आम्हाला काळजी नाही. बाई बरोबर करतायत ना तेवढं बघा." मला त्यांच्या जिन्याखालच्या कोनाड्यापर्यंत जावं लागलं.

ती कोनाड्यात गुडघे टेकून बसली होती. तिचा हात थांबला. मागे वळून बघितलं नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

मालक हसले. "काका म्हणजे ना! एवढा मोठा माणूस पण विनम्र किती."

"विनम्र नाही. खरंच कळत नाही. लिथियमबद्दल मला काहीही कळत नाही. यांना कळतं."

ते पुन्हा हसले आणि माझ्यासाठी चहा सांगायला आत गेले. आम्ही दोघंच राहिलो. पंखा घरघरत होता. तिने पिशवीत हात घालून काही तरी शोधलं आणि मागे न बघता ते माझ्याकडे धरलं. टॉर्च होती.

मी गुडघा टेकला, फार दुखला, आणि पंख्याच्या जाळीवर उजेड धरला.

"काका, तिथं नाही," ती म्हणाली. "वर. अजून वर."